यात्रेचा अनुबंध : अठराव्या अध्यायातील एका श्लोकाचा स्वाध्याय

या पाठासाठी वाचकांनी आपल्या पोथीतील अठराव्या अध्यायाचा पंचविसावा श्लोक उघडून समोर ठेवावा व तो एकदा सावकाश म्हणावा. त्याच्या आधीच्या दोन श्लोकांत सात्त्विक आणि राजस कर्माची लक्षणे येऊन गेली आहेत. हा तिसरा श्लोक तामस कर्माचे लक्षण सांगतो. त्यात भगवंतांनी चार शब्द एकापाठोपाठ ठेवले आहेत : अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. या चार गोष्टींकडे न पाहता, केवळ मोहाने ज्या कर्मास आरंभ होतो ते कर्म तामस होय, असा श्लोकाचा सरळ अर्थ आहे.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. कोणते कर्म तामस, याची यादी भगवंतांनी दिलेली नाही. चोरी तामस, मद्यपान तामस, असे ते येथे म्हणत नाहीत. ‘न पाहणे’ हे त्यांनी तामसाचे लक्षण सांगितले आहे. याचा अर्थ असा की, दिसावयास उत्तम असलेले कर्मही डोळे मिटून केले तर तामसात जमा होते. सतराव्या अध्यायात यज्ञ, दान आणि तप यांचेही तामस प्रकार सांगितले आहेत ते याच दृष्टीने. मग तीर्थयात्रा या नियमातून कशी सुटेल? यात्रा पुण्यकर्म आहे हे खरे. परंतु तीदेखील या चार शब्दांच्या कसोटीस लागली पाहिजे.

प्रश्न कसा उत्पन्न झाला

मानेसर येथे मोटारींच्या व सुट्या भागांच्या कारखान्यांत नोकरीस आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. गावाकडे जाणे वर्षातून एकदा घडते. परंतु हिमालय येथून जवळ, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत केदारनाथाचे दर्शन घडवावे असे अनेकांच्या मनात येते. आई-वडिलांना महाराष्ट्रातून बोलावून घेतात आणि सर्व मिळून निघतात. अशाच तयारीत असलेल्या एका गृहस्थांनी आमच्या गीतावाचनात एक शंका काढली. ते म्हणाले, “तेरावा अध्याय शौचाला ज्ञानात मोजतो. आम्ही तर स्नान करून, सोवळे नेसून दर्शन घेतो. वाटेत एखादी रिकामी बाटली टाकली गेली तर शौच मोडते काय? झाडणारे सेवक नेमलेले असतात. त्यांना वेतन मिळते. आम्ही टाकले नाही तर त्यांना काम काय?”

शंका प्रामाणिक आहे आणि ती एकट्या त्या गृहस्थांची नाही. म्हणून तिला उडवून न लावता, वरील चार शब्दांच्या आधारे तिचा विचार करू.

पदार्थविचार

श्रीमच्छंकराचार्यांनी या श्लोकावर भाष्य करताना चारही पदे थोडक्यात उलगडली आहेत. ‘अनुबंध’ म्हणजे कर्म झाल्यानंतर मागून येणारी वस्तू, म्हणजेच परिणाम. ‘क्षय’ म्हणजे कर्म करताना होणारा शक्तीचा अथवा अर्थाचा नाश. ‘हिंसा’ म्हणजे प्राण्यांस होणारी पीडा. ‘पौरुष’ म्हणजे हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन काय, याविषयीचे स्वतःचे सामर्थ्य. भाषांतरकाराला या चार शब्दांपैकी ‘अनुबंध’ हा सर्वांत कठीण वाटतो. मराठीत ‘परिणाम’ म्हटले की अर्थ लागतो, पण शब्दाचे बळ जाते. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, ‘बंध’ म्हणजे बांधलेले. कर्त्याने पाठ फिरविली तरी त्याच्या मागे बांधलेले जे येतच राहते, ते अनुबंध.

आता ही पदे केदारनाथाच्या वाटेवर ठेवून पाहू.

१. अनुबंध

केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे. मोटार गौरीकुंडापर्यंत जाते. पुढची वाट पायांची, खेचरांची, दंडी-कंडीची, अथवा ज्यांस परवडते त्यांच्यासाठी हेलिकॉप्टरची. जून २०१३ च्या जलप्रलयात रामबाडा हा मुक्काम समूळ वाहून गेला आणि जुनी वाट तुटली. त्यानंतर रामबाड्याजवळ मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या अंगाने लिनचोलीवरून नवी वाट काढण्यात आली. ती सुमारे १६ किलोमीटर भरते. जंगलचट्टी, भीमबली, लिनचोली या टप्प्यांवर दुकाने आहेत. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, तयार शेवयांची पाकिटे तेथे मिळतात. सोनप्रयाग व गौरीकुंड येथे पातळ प्लास्टिकचे पावसाळी अंगरखे विकत मिळतात. ते एका पावसात फाटतात आणि पुढच्या वळणावर टाकले जातात.

टाकलेली ही वस्तू कोठे जाते? डोंगराचा उतार तीव्र, वारा सदैव वाहता. वाटेवर पडलेले ओघळीत जाते, ओघळ मंदाकिनीस मिळते, मंदाकिनी रुद्रप्रयागास अलकनंदेत मिसळते, अलकनंदा देवप्रयागास भागीरथीस मिळते, आणि तेथून पुढे तिला आपण गंगा म्हणतो. परतताना आपण हरिद्वारी थांबून गंगाजलाचा गडू भरून घेतो आणि घरी देवापुढे ठेवतो. अनुबंध म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणे अवघड आहे. भीमबलीस हातातून सुटलेली वस्तू आपल्याच देवघराच्या दिशेने निघालेली असते.

दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना पंचविसाव्या श्लोकात स्थिर वस्तूंमध्ये हिमालयाचे नाव घेतले आहे, आणि एकतिसाव्या श्लोकात प्रवाहांमध्ये जान्हवीचे. ज्या वाटेवर या दोन्ही विभूती एकत्र आहेत, त्या वाटेवर आपण मंदिराच्या पायरीवरच तेवढे पादत्राण काढतो आणि डोंगरावर कचरा सोडतो, हे विभूतियोग वाचणाऱ्यास शोभणारे नाही.

२. क्षय

मैदानातील गावी टाकलेली पत्रावळ काही आठवड्यांत मातीस मिळते. हिमालयात तसे घडत नाही, आणि याचे कारण साधे आहे. कुजविण्याचे काम सूक्ष्म जीव करतात; त्यांना ऊब लागते. थंडी वाढली की त्यांचे काम मंदावते, आणि जेथे वर्षातील कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते, तेथे ते जवळजवळ थांबते. म्हणून संत्र्याची साल किंवा उरलेली पोळी ‘कुजेलच’ अशा विश्वासाने दगडाआड ठेवू नये. ती दीर्घकाळ तशीच राहते आणि रानातील प्राण्यांना माणसाच्या अन्नाची चटक लावते.

प्लास्टिकची गोष्ट निराळी. ते कुजत नाही, ते फुटते. उंचीवर सूर्याचे अतिनील किरण अधिक प्रखर असतात. दर हजार मीटरला त्यांची तीव्रता सुमारे दहा-बारा टक्क्यांनी वाढते. दिवसा ते किरण आणि रात्री गोठणारे पाणी यांच्या माऱ्याने प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. बाटली दिसेनाशी होते, पण नाहीशी होत नाही. अखंड बाटली एका हाताने उचलता येते. तिचे कण झाल्यावर ते कोणालाच वेचता येत नाहीत.

शक्तीच्या आणि अर्थाच्या क्षयाचा हिशेबही पाहावा. वर गेलेली प्रत्येक वस्तू खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून गेली आहे. ती खाली आणावयाची तर त्याच पाठीवरून आली पाहिजे. खड्डा खणून पुरावे म्हटले तर सपाट जागा थोडी, आणि भूमी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांची. माहितीच्या अधिकाराखाली दिल्या गेलेल्या उत्तरानुसार, २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत केदारनाथ येथे ४९.१८ टन कचरा कोणतीही प्रक्रिया न होता मंदिराजवळच्या दोन जागी टाकला गेला : २०२२ साली १३.२० टन, २०२३ साली १८.४८ टन आणि २०२४ साली १७.५० टन. याच काळात २३.३० टन अजैविक कचऱ्यावर मात्र प्रक्रिया होऊ शकली. हा जमा झालेल्या कचऱ्याचा हिशेब झाला. दरीत गेलेल्याची मोजदाद कोण करणार?

३. हिंसा

अहिंसेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर शस्त्र येते. पण या श्लोकातील हिंसा न पाहिल्यामुळे घडणारी आहे. केदारनाथ वन्यजीव अभयारण्य १९७२ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे ९७५ चौरस किलोमीटर असून कस्तुरीमृग आणि मोनाल पक्षी तेथे राहतात. खारट-गोड वास लागलेले पाकीट प्राणी अन्न समजून गिळतो. ते त्याच्या पोटातून बाहेर पडत नाही.

वाटेवरील खेचरांचाही विचार व्हावा. खेचर दिवसास दहा किलोहून अधिक लीद टाकते, आणि हंगामात हजारो खेचरे या वाटेवर चढतात-उतरतात. पाऊस आला की ती लीद वाहून नदीत जाते; न आला तर पादचाऱ्यांच्या पायाखाली चिखल होतो. हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला आहे. ज्यास चालण्याचे बळ आहे त्याने केवळ सोयीसाठी खेचर घेतले तर खेचराचे श्रम आणि वाटेची घाण ही दोन्ही त्याच्या यात्रेच्या खात्यावर पडतात. वृद्ध व रुग्ण यांचे निराळे. त्यांस दोष नाही.

परंतु हिंसा या शब्दाखाली सर्वांत आधी ज्याचे नाव घ्यावयाचे तो माणूस आहे. वाटेच्या कडेवरून उतारावर उतरून बाटल्या वेचणारा, मुक्कामावरील शौचकूप धुणारा, ओल्या थंडीत पहाटे झाडू घेऊन निघणारा सेवक. आपण ‘सेवक आहेत’ असे म्हणतो तेव्हा त्या वाक्यात पुष्कळ जुनी गोष्ट लपलेली असते. आपल्या समाजात शुचितेची कल्पना दीर्घकाळ अशी राहिली की, घाण करणारा शुद्ध आणि ती उचलणारा अशुद्ध. ज्याने टाकले तो स्नान करून सोवळ्यात बसला. ज्याने उचलले त्यास उंबऱ्याबाहेर ठेवले. संस्कृताच्या परंपरेत शिकलेल्यांनी हे विशेष स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण या उलट्या न्यायास आधार म्हणून ‘शौच’ हाच शब्द पुष्कळदा पुढे करण्यात आला.

गीतेतील शौच असे नाही. तेराव्या अध्यायात ते ज्ञानाच्या लक्षणांत येते, सोळाव्यात दैवी संपत्तीत, सतराव्यात शारीर तपात. सोळाव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात आसुरी जनांजवळ शौच नसते, आचार नसतो, सत्यही नसते असे म्हटले आहे. शौचास सत्याच्या शेजारी बसविले आहे, हे महत्त्वाचे. तेराव्या अध्यायातील शौचावर भाष्य करताना आचार्य बाह्य आणि आंतर असे दोन्ही भाग सांगतात : शरीराचा मळ माती-पाण्याने धुणे, आणि मनातील राग-द्वेषादी मळ विरुद्ध भावनेने घालविणे. श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी तेथे कापराचा दृष्टांत दिला आहे. कापूर जसा आत-बाहेर एकच, तसा शुचिमान पुरुष. आता विचार करावा : ज्याने आपली घाण दुसऱ्याच्या हातावर ठेवून स्वतःचे हात धुतले, तो आत-बाहेर एक कसा?

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी शब्दांनी नव्हे तर हातांनी सोडविला, अशा तीन पुरुषांचे स्मरण येथे उचित आहे. श्रीगाडगेमहाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की प्रथम झाडू हाती घेत, कीर्तन त्यानंतर. यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. रत्नागिरीकडील आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतले. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात महात्मा गांधींनी येरवड्यात उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे आप्पासाहेबांनी मळाचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. आणि ज्या विनोबांनी त्याच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली, ते १९४० च्या दशकात पवनारहून जवळच्या सुरगावास नित्य पायी जाऊन तेथील मैला उचलीत असत. गीता सांगणे आणि मैला उचलणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्यास तो दिसत असेल, तर आपल्या वाचनात काही राहिले आहे असे समजावे.

४. पौरुष

पौरुष म्हणजे पराक्रम नव्हे. स्वतःच्या सामर्थ्याचे खरे माप. कर्म आरंभिण्यापूर्वी ते शेवटास नेता येईल काय, हे पाहणे. आपण यात्रेची समाप्ती दर्शनात मानतो. वस्तुतः जे वर नेले ते खाली आणले, तेव्हा यात्रा पूर्ण होते. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली एक किलो वजनाची असते. रिकामी झाल्यावर ती सुमारे वीस ग्रॅम भरते. एक किलो वजन ज्याने चढावर नेले, त्यास वीस ग्रॅम उतारावर आणता येत नाही असे म्हणवत नाही. येथे सामर्थ्य उणे नाही. पाहणे उणे आहे.

याच अध्यायाच्या आठव्या श्लोकात त्यागाचा राजस प्रकार सांगितला आहे : शरीरास कष्ट होतील या भयाने कर्तव्य सोडून देणे. अशा त्यागास त्यागाचे फळ मिळत नाही, असे भगवंत म्हणतात. मराठीत ‘टाकणे’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. संसार टाकला असेही आपण म्हणतो आणि कागद टाकला असेही म्हणतो. शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत. ओझे नको म्हणून टाकलेली बाटली हा त्याग नव्हे. ते अर्धवट सोडलेले कर्म होय.

पौरुषाचे माप एका माणसापुरते नसते, समाजाचेही असते. केदारनाथी २०२३ साली साडेएकोणीस लाखांहून अधिक यात्रिक गेले. २०२४ साली सुमारे साडेसोळा लाख. त्या वर्षी मंदिराचे दरवाजे १० मे रोजी उघडले आणि ३ नोव्हेंबरला भाऊबीजेस मिटले. म्हणजे दिवसास सरासरी नऊ हजारांवर माणसे झाली. गर्दीच्या दिवसांत याच्या दुपटीहून अधिक. या साडेसोळा लाखांपैकी प्रत्येकाने वीस ग्रॅमची एकच बाटली मागे ठेवली असे क्षणभर धरले, तर तेहतीस हजार किलो, म्हणजे तेहतीस टन होतात. ‘माझ्या एकट्याने काय होते’ या वाक्यास हा गुणाकार पुरेसे उत्तर आहे.

शंका आणि समाधान

पहिली शंका : “गंगा सर्वांस पवित्र करते, अग्नी सर्व भस्म करतो, मग आमच्या कचऱ्याने त्यांस काय बाधा?” समाधान असे की, वैद्य रोग बरा करतो म्हणून कोणी मुद्दाम रोग लावून घेत नाही. पावन करण्याची शक्ती हे तीर्थाचे ऐश्वर्य आहे. ती मलिन करण्याची परवानगी नव्हे.

दुसरी शंका : “देवास वाहण्यासाठी नेलेल्या वस्तूंचे वेष्टन राहणारच, त्यास इलाज काय?” याचे उत्तर नवव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात आहे. भगवंतांनी तेथे भक्ताकडून चारच वस्तू मागितल्या : पान, फूल, फळ आणि पाणी. या चारही मातीतून येतात व मातीस मिळतात. पाचवी वस्तू त्यांनी मागितली नाही. वेष्टन आपण जोडलेले आहे; म्हणून ते परत नेण्याचा भारही आपलाच.

तिसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. २०२२ च्या यात्रेत प्रशासनाने अशी व्यवस्था सुरू केली की, बाटली घेताना दहा रुपये अधिक द्यावयाचे, बाटलीवर ओळखीचे चिन्ह लावलेले असावयाचे, आणि ती रिकामी परत केली की दहा रुपये परत मिळावयाचे. यावर कोणी म्हणेल, “हे तर सकाम कर्म झाले. दहा रुपयांसाठी बाटली परत करण्यात कसले पुण्य?” समाधान : तिसऱ्या अध्यायात, कर्मात आसक्त असलेल्यांचा बुद्धिभेद करू नये, ज्ञात्याने स्वतः नीट आचरून त्यांच्याकडून कर्म करवावे असे सांगितले आहे. दहा रुपयांच्या आशेने का होईना, बाटली दरीत गेली नाही. हे लहान काम नव्हे. त्या व्यवस्थेस हसू नये. साधकाने मात्र दहा रुपये मिळोत वा न मिळोत, स्वतःची बाटली आणि शेजारी पडलेली दुसऱ्याची बाटलीही उचलावी. लोकसंग्रह म्हणतात तो हाच.

चौथी शंका : “कायदा आहे, तो पाहून घेईल.” कायदा आहे हे खरे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. महाराष्ट्राने तत्पूर्वीच, मार्च २०१८ मध्ये, आपली बंदी लागू केली होती. परंतु देशव्यापी बंदीच्या यादीत पेले, ताटल्या, नळ्या आहेत. पाण्याची बाटली आणि बिस्किटाचे वेष्टन नाही. केदारच्या वाटेवर अधिक पडते ते हेच. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे धर्माचा पोहोचावा, अशीच अपेक्षा आहे.

केदारापुरतेच नव्हे

महाराष्ट्रातील वाचकांनी हा पाठ दूरच्या हिमालयाचा म्हणून बाजूस ठेवू नये. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिखरावर देवीचे लहान मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे रीघ लागते. सप्तशृंगीचा गड, भीमाशंकरचे रान, श्रावणातील ब्रह्मगिरीची फेरी, या सर्व ठिकाणी प्रश्न तोच आहे; उंची तेवढी कमी. ब्रह्मगिरी तर गोदावरीचे उगमस्थान. पंढरीच्या वाटेवर गेल्या दशकात ‘निर्मल वारी’च्या रूपाने फिरती शौचालये आणि स्वच्छतेची व्यवस्था उभी राहिली, लाखोंच्या समुदायातही हे साधते, याचा तो पुरावा होय. अहिल्याबाई होळकरांनी हिमालयाच्या वाटेवर यात्रिकांसाठी धर्मशाळा बांधल्या. आपल्या पूर्वजांनी त्या वाटेवर मागे ठेवले ते असे होते.

आणि आम्ही दिल्लीच्या परिसरात राहणारे तरी कोठे सुटलो? गुरुग्रामचा कचरा अरवलीच्या कुशीत बंधवाडी येथे वर्षानुवर्षे रचला गेला. तेथे लक्षावधी टनांचा डोंगर झाला, आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्याविषयी तक्रारी न्यायाधिकरणापुढे गेल्या. जो घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करीत नाही, तो केदारास जाऊन एकाएकी शुचिमान होणार नाही. सवय घरातून निघते आणि यात्रेत उघडी पडते.

यात्रिकासाठी आचार

वरील विचार हाती यावा म्हणून काही नियम देत आहोत. ते घरातील सर्वांनी, मुलांसह, निघण्यापूर्वी वाचावेत.

१. प्रत्येकाने धातूची पाण्याची बाटली घ्यावी आणि वाटेवरील नळांवर किंवा मुक्कामी उकळलेले पाणी भरून घ्यावे. विकतची बाटली हा शेवटचा उपाय समजावा.

२. खाऊ घरीच सोलून, वेष्टन काढून, कापडी पिशवीत अथवा डब्यात बांधावा. दशम्या, लाडू, चणे-गूळ यांना वेष्टन लागत नाही.

३. पातळ प्लास्टिकचा अंगरखा विकत घेऊ नये. पुन्हा वापरता येईल असा घरून न्यावा.

४. प्रत्येक कुटुंबाने एक घट्ट झाकणाची पिशवी केवळ कचऱ्यासाठी ठेवावी. ती वाहण्याचा मान घरातील सर्वांत सशक्त माणसाने घ्यावा. मुलाकडे किंवा हमालाकडे ती देऊ नये.

५. फळांच्या साली, ओले रुमाल, बाळाचे व स्त्रियांचे शोषक कपडे हे सर्व कागदात गुंडाळून त्याच पिशवीत ठेवावे व खाली मैदानात, जेथे कचरा वेगळा करण्याची सोय आहे तेथे द्यावे. वर दगडाखाली काही ठेवू नये.

६. देवास प्लास्टिकात बांधलेले काही वाहू नये.

७. वाटेवर झाडणारा सेवक भेटल्यास त्यास थांबून नमस्कार करावा व ‘भैया’ अथवा ‘बहनजी’ अशी हाक मारून दोन शब्द बोलावे. त्याच्यासमोर काही टाकू नये. त्याच्या पाठीमागेही टाकू नये.

स्वाध्याय

पुढील प्रश्नांवर वाचकांनी आपापल्या मंडळात विचार करावा आणि उत्तरे वहीत लिहावीत.

१. अठराव्या अध्यायातील तेविसावा, चोविसावा आणि पंचविसावा हे तीन श्लोक घेऊन एकाच केदारयात्रेची सात्त्विक, राजस व तामस अशी तीन रूपे वर्णावी.

२. ‘शौच’ हे पद गीतेत कोणत्या अध्यायांत येते ते शोधावे. प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारी कोणते गुण आहेत ते पाहावे. शौच एकटे कोठे आले आहे काय?

३. सहाव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात साधकाने शुचि स्थानी आसन मांडावे असे सांगितले आहे. स्थान शुचि करण्याचे काम कोणाचे? साधकाचे, की त्याच्यापूर्वी तेथे येऊन गेलेल्या कोणाचे?

४. बारावा अध्याय प्रिय भक्ताला ‘शुचि’ म्हणतो आणि लगेच ‘दक्ष’ म्हणतो. या दोन पदांचा परस्परसंबंध आपल्या घरच्या एका उदाहरणाने दाखवावा.

५. गेल्या यात्रेत आपल्या कुटुंबाने काय वर नेले व काय खाली आणले, याची आठवेल तेवढी यादी करावी. ज्या वस्तू यादीत खाली आल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘अनुबंध’ हा शब्द लिहावा.

ज्या गृहस्थांनी शंका काढली होती, त्यांच्या प्रश्नाचे शेवटचे अंग अजून शिल्लक आहे : आम्ही टाकले नाही तर सेवकांना काम काय? वाट नीट राखणे, पावसाने खचलेली कड बांधणे, थकलेल्या वृद्धास हात देणे, पाण्याचे नळ वाहते ठेवणे, ही कामे डोंगरावर कधी संपत नाहीत. माणसाला माणसाची घाण उचलण्यापासून सोडविले तर तो रिकामा राहत नाही. तो आपल्यासारखाच यात्रेत सामील होतो. पुढील पाठापूर्वी वाचकांनी पाचव्या प्रश्नाची यादी अवश्य पूर्ण करावी.